रिपोर्ट नॉर्मल आलाय, मग अजून केमो कशाला? : ब्लड कॅन्सरवर वाचकांचे प्रश्न

नमस्कार. मागच्या वेळी ब्लड कॅन्सरवर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, आणि इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्यच नव्हतं, त्यामुळे सारखे प्रश्न एकत्र करून त्यातली नऊ निवडली. मी शिकले डॉक्टर म्हणून, पण आता पेशंट तपासत नाही, लॅबमध्ये ल्युकेमियाच्या (ब्लड कॅन्सरचा एक मुख्य प्रकार) पेशींवर काम करते. ट्रीटमेंट झाल्यावर ज्या थोड्याशा पेशी मागे उरतात त्या कशाच्या जोरावर जगतात, हे शोधणं हे माझं काम. म्हणून डोस किती, औषध कुठलं, हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा, पण आत काय चाललेलं असतं ते मी मला माहीत आहे तेवढं सगळं सांगते. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ब्लड कॅन्सर रक्ताचा आजार आहे ना, मग पेशंटचं सगळं रक्त काढून नवीन चढवलं तर तो बरा का नाही होणार? घरात विचारलं तर सगळे हसले.

हसण्यासारखं काहीच नाहीये यात, विचार बरोबर आहे, फक्त बिघाड जिथे आहे ती जागा वेगळी आहे. टाकीत घाण असली तर नळ बदलून काय उपयोग, तसं आहे हे. रक्त तयार होतं हाडांच्या आतल्या मगजात, म्हणजे बोन मॅरोत. तिथे रोज साधारण 20,000 कोटी नुसत्या लाल पेशी बनतात, म्हणजे सेकंदाला 20 लाखांच्या वर. मूळ पेशी असतात, त्यांच्यापासून पायरी पायरीने पांढऱ्या, लाल, प्लेटलेट अशा पेशी तयार होतात. अक्यूट, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या, ल्युकेमियात एखादी पेशी मधल्याच पायरीवर अडकते, मोठी होत नाही आणि मरतही नाही, नुसती आपल्यासारख्या आणखी बनवत राहते. या अर्धवट पेशींना ब्लास्ट म्हणतात. त्यांची गर्दी इतकी होते की चांगल्या पेशी बनायला जागाच उरत नाही, मग लाल पेशी कमी म्हणून धाप लागते, पांढऱ्या कमी म्हणून ताप हटत नाही, प्लेटलेट कमी म्हणून हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर लाल ठिपके उठतात. रक्त चढवतात ते पेशंटला तेवढे दिवस धरून ठेवायला, ते लागतंच, पण टाकी तीच राहते.

टाकीच बदलायची म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. ते माणसांत करून दाखवणाऱ्या डॉनल थॉमस यांना 1990 चं नोबेल मिळालं. आणि त्यात एक गोष्ट मागाहून कळली, की दात्याच्या मॅरोतून येणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी पेशंटच्या उरल्यासुरल्या ल्युकेमियाला परकं ओळखून मारतात, म्हणजे अर्धं काम तर त्याच करतात. (सख्खा भाऊ किंवा बहीण पूर्ण जुळण्याची शक्यता दर भावंडामागे 25 टक्के असते, हेही बऱ्याच जणांनी विचारलं होतं.)

प्रश्न : बाबा 58 वर्षांचे, एएमएल (मोठ्यांत जास्त दिसणारा अक्यूट ल्युकेमिया) निघाला. पहिल्या केमोला महिनाभर ॲडमिट होते, फार हाल झाले. आता बोन मॅरोचा रिपोर्ट आलाय, ब्लास्ट 2 टक्के, रेमिशन असं लिहिलंय. आणि डॉक्टर म्हणतात अजून तीन सायकल, म्हणजे केमोच्या फेऱ्या. बाबा म्हणतात मी बरा झालोय, परत नाही जाणार. त्यांना काय सांगू?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण माझं सगळं काम याच प्रश्नाभोवती आहे.

आधी तो रिपोर्ट कसा बनतो ते बघा. मॅरोचा एक थेंब काचेवर पसरून रंगवतात आणि पॅथॉलॉजिस्ट मायक्रोस्कोपखाली साधारण 500 पेशी एकेक करून मोजतात. त्यात ब्लास्ट 5 टक्क्यांच्या खाली आले, काउंट (रक्तातल्या पेशींचे आकडे) सुधारले, की त्याला रेमिशन म्हणायचं असं ठरलेलं आहे. पण ब्लास्ट तर तुमच्या माझ्या मॅरोतही एक दोन टक्के असतातच, चांगले ब्लास्ट, ज्यांचं पुढे रक्त होणार असतं. ते दोन टक्के चांगले की वाईट हे नुसतं बघून कळत नाही, दोघे दिसायला सारखे. आजार निघतो तेव्हा अंगात साधारण एक लाख कोटी ल्युकेमियाच्या पेशी असतात असं धरतात. आता त्यातल्या 99 टक्के मेल्या असं समजलं तरी 1000 कोटी उरल्या, आणि एवढ्या उरल्या तरी मायक्रोस्कोपखाली रिपोर्ट रेमिशनचाच येऊ शकतो! म्हणजे रिपोर्ट खोटा नाहीये, त्याची नजर तेवढीच आहे.

म्हणून आता एमआरडी नावाची तपासणी करतात, उरलेला आजार मोजायची. फ्लो सायटोमेट्री मशीनमध्ये पेशी एका रांगेत लेझरसमोरून सोडतात आणि 10,000 पेशींत एक वाईट असली तरी सापडते, काही पद्धतींनी तर 10 लाखांत एक. बाबांची ही टेस्ट झालीये का ते डॉक्टरांना जरूर विचारा, पुढे नुसती केमो की ट्रान्सप्लांट हे ठरवायला तिचा उपयोग होतो.

दुसरं म्हणजे उरतात त्या पेशी साध्या नसतात. टोरांटोच्या जॉन डिक यांच्या लॅबने 1994 मध्ये दाखवलं की माणसाच्या ल्युकेमियातल्या सगळ्या पेशी उंदरात टोचल्या तरी आजार पुन्हा उभा करायची ताकद त्यातल्या अगदी थोड्यांत असते, त्यांना ल्युकेमियाच्या मूळ पेशी म्हणतात. यातल्या बऱ्याच झोपलेल्या असतात, म्हणजे विभाजनच करत नाहीत, आणि बहुतेक केमो मारते ती विभाजन करणाऱ्या पेशींना, मग झोपलेली पेशी हाडाच्या कडेला गप्प बसून राहते आणि वादळ गेलं की उठते. आधीच्या काळात पहिल्या केमोनंतर काहीच न देता पेशंटला घरी सोडलं जायचं तेव्हा काही महिन्यांतच जवळजवळ सगळ्यांचा आजार परत यायचा, ते आम्ही पुस्तकात शिकतो, त्या पेशंटनी ते भोगलं.

बाबांना सांगा की तुम्हाला बरं वाटतंय ते खरंच आहे, पहिली केमो लागू पडलीये म्हणूनच पुढच्याला अर्थ आहे. पुढच्या सायकल बहुतेक वेळा पहिलीइतक्या जड जात नाहीत कारण आता मॅरो चांगला आहे, पण काउंट पडतील, ताप येऊ शकतो, आणि ताप आला की रात्र असो की सुट्टी, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

प्रश्न : मुलगा सहा वर्षांचा, एएलएल (लहान मुलांत जास्त दिसणारा अक्यूट ल्युकेमिया), आता मेंटेनन्स, म्हणजे आजार आटोक्यात आल्यावरचं लांब चालणारं औषध, चालू आहे. रोज एक गोळी आणि आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. हिमोग्लोबिन जरा कमी आलं म्हणून त्याच्या आत्याने फोलिक ॲसिडवालं टॉनिक आणलंय. देऊ का?

डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका. आत्याचा हेतू चांगलाच आहे, साध्या ॲनिमियात फोलिक ॲसिड देतातच. पण या औषधाची सगळी गोष्टच फोलिक ॲसिडपासून सुरू होते.

1940 च्या दशकात बोस्टनमध्ये सिडनी फार्बर नावाचे मुलांचे पॅथॉलॉजिस्ट होते, त्यांनी ल्युकेमियाच्या काही मुलांना फोलिक ॲसिड देऊन बघितलं, आणि आजार कमी व्हायच्या ऐवजी जास्तच भडकल्यासारखा दिसला. दुसऱ्या कुणी विषय सोडून दिला असता, त्यांनी उलटा विचार केला, की फोलिक ॲसिडने हा वाढत असेल तर ते अडवणारं काहीतरी द्यायला हवं. असं औषध बनवून दिलं लेडर्ली कंपनीच्या लॅबमधल्या टीमने आणि तिचे प्रमुख होते भारतातून गेलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव, ज्यांचं नाव आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं असं मला फार वाटतं. 1948 मध्ये फार्बर यांनी 16 मुलांचा अहवाल छापला, त्यातली 10 सुधारली होती. तात्पुरतीच. काही महिन्यांत सगळ्यांचा आजार परत आला, पण त्याआधी मुलांचा अक्यूट ल्युकेमिया औषधाने असा मागे हटलेला कुणी पाहिला नव्हता. मेथोट्रेक्सेट हे त्याच औषधाचं भावंड.

पेशीला नवीन डीएनए बनवायला फोलेट लागतं, मेथोट्रेक्सेट ते वापरणारं एन्झाइम अडवतं. तुम्ही वरून फोलिक ॲसिड घातलंत तर अडवलेला रस्ता थोडा मोकळा करून दिल्यासारखं होतं. कधी कधी डॉक्टर स्वतः फोलिनिक ॲसिड देतात, मोठ्या डोसनंतर, ते तासांच्या हिशोबाने ठरवलेलं असतं, त्याची गल्लत करू नका.

आणि हे अगदी महत्त्वाचं : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, चुकून रोज दिलं गेलं तर जिवावर बेततं. वार ठरवा, कॅलेंडरवर खूण करा, घरात एकाच माणसाने द्यायचं. रोजची गोळी म्हणजे बहुतेक 6-मर्कॅप्टोप्युरिन असणार, ती गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या लॅबमधली, दोघांना 1988 चं नोबेल मिळालं (एलियन यांना पीएचडी पूर्ण करता आली नव्हती, हे मी माझ्या विद्यार्थिनींना मुद्दाम सांगते). ही गोळी चुकवू नका, मूल खेळतंय, शाळेत जातंय, म्हणून दोन दिवस राहिली तर काय होतं असं वाटतं, पण 95 टक्क्यांपेक्षा कमी गोळ्या घेतल्या गेलेल्या मुलांत आजार परतायचं प्रमाण वाढलेलं अभ्यासात दिसलंय, म्हणजे महिन्याला दोन गोळ्यासुद्धा जास्त झाल्या. चांगली ट्रीटमेंट पूर्ण झाली तर आज या आजाराची 10 पैकी 9 च्या आसपास मुलं बरी होतात, आणि ती होतात ती याच दोन अडीच वर्षांच्या कंटाळवाण्या गोळ्यांमुळे.

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे. सीएमएल (हळूहळू वाढणारा ल्युकेमिया) आहे, सहा वर्षं इमॅटिनिबची गोळी चालू आहे, रिपोर्ट तीन वर्षं अगदी शून्य येतायत. आम्हाला मूल हवंय. गोळी बंद करता येईल का कधी, की जन्मभर?

येऊ शकेल, सगळ्यांना नाही, आणि स्वतःच्या मनाने तर कधीच नाही. पण आधी ही गोळी कुठून आली ते सांगते, मग "का" ते नीट कळेल.

1960 मध्ये फिलाडेल्फियात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड यांना सीएमएलच्या पेशंटच्या पेशींत एक गुणसूत्र नेहमीपेक्षा छोटं दिसलं. कुठला तुकडा गेला, कुठे गेला, कळेना. 1973 मध्ये शिकागोच्या जेनेट राउली यांनी घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीने कापून जोड्या लावताना ओळखलं की तुकडा हरवला नाहीये, 9 आणि 22 नंबरच्या गुणसूत्रांनी आपापली टोकं अदलाबदल केलीयेत. या अदलाबदलीत बीसीआर आणि एबीएल हे दोन जीन शेजारी येऊन चिकटतात आणि त्यातून जे प्रोटीन बनतं ते बंदच होत नाही, पेशीला सतत "वाढ, वाढ" सांगत राहतं. म्हणजे बटण आहे, पण चालूवरच अडकलंय. त्या प्रोटीनला काम करायला एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं, ते बसायची एक खाच असते, इमॅटिनिब बरोबर त्या खाचेत जाऊन बसतं. ब्रायन ड्रूकर यांनी 1998 मध्ये पेशंटवर चाचणी सुरू केली, 2001 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. नवीन पेशंटना पहिल्यापासून हीच गोळी दिली त्या मोठ्या चाचणीत 10 वर्षांनी 83 टक्के लोक हयात होते. याआधी या आजारात पाच सहा वर्षं मिळाली तरी बरंच म्हणायचे.

आता बंद करण्याचं. फ्रान्समध्ये 100 पेशंटचा अभ्यास झाला, ज्यांचे रिपोर्ट निदान दोन वर्षं शून्य होते त्यांची गोळी थांबवली. साधारण 40 टक्के लोकांचा आजार परत आलाच नाही. बाकीच्यांचा आला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, पण दर महिन्याला टेस्ट चालू होती म्हणून लगेच कळलं आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आटोक्यात आला. यात मला जे सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की ज्यांचा परत आला नाही त्यातल्या काहींच्या रक्तात फार बारीक तपासलं तर बीसीआर-एबीएलच्या खुणा अजूनही सापडतात. म्हणजे पेशी पूर्ण गेलेल्याच नाहीत, आहेत, पण उठत नाहीत. कशामुळे? शरीराची प्रतिकारशक्ती त्यांना दाबून ठेवते असे पुरावे मिळतायत, आम्ही त्याच प्रश्नावर रोज डोकं लावून बसलोय.

तुम्ही आधी गरोदर राहून मग डॉक्टरकडे जाऊ नका, ही गोळी पोटातल्या बाळाला धोक्याची आहे. आत्ताच जाऊन सांगा की आम्हाला मूल हवंय, म्हणजे ते तुमचे सगळे जुने पीसीआर रिपोर्ट (रक्तातल्या बीसीआर-एबीएलच्या खुणा मोजतात ते) बघतील, थांबवण्यासारखे असतील तर थांबवून दर महिन्याला टेस्ट लावतील. रिपोर्ट तीन वर्षं शून्य म्हणजे तुम्ही या चर्चेला पात्र नक्की आहात.

हो, आणि एका दादांनी विचारलं होतं की गोळी नीट घेऊनही काउंट का वाढले. त्याचं एक कारण असं की त्या खाचेच्या तोंडाशी एक अक्षर बदलतं, टी-315-आय म्हणतात त्या बदलाला, मग इमॅटिनिब आत बसतच नाही. त्यासाठी पोनॅटिनिब आहे आणि खाच सोडून प्रोटीनला दुसऱ्याच बाजूने धरणारं असिमिनिब आहे. म्युटेशनची टेस्ट करून घ्या.

प्रश्न : माझ्या मुलीला चौथ्या वर्षी ल्युकेमिया झाला. गरोदरपणात माझं काही चुकलं का? हा विचार डोक्यातून जातच नाही.

नाही. तुमचं काही चुकलेलं नाही. हे मी धीर द्यायला म्हणून लिहीत नाहीये, याचा अभ्यास झालेला आहे. बऱ्याच देशांत बाळ जन्मलं की टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन कागदावर वाळवून ठेवतात. मेल ग्रीव्हज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे ल्युकेमिया झालेल्या मुलांचे असे जुने कागद काढून तपासले, आणि काहींच्या त्या वाळलेल्या थेंबात आजाराची पहिली जीनची खूण जन्मतःच सापडली. पण अशी खूण घेऊन जन्मणाऱ्या बहुतेक मुलांना आजार कधीच होत नाही, पुढे आणखी बदल व्हावे लागतात. पहिला बदल होतो तो पेशीची नक्कल होताना डीएनएत चूक झाल्यामुळे, आणि अशा चुका प्रत्येकाच्या अंगात रोज होत असतात. किरणोत्सर्ग, बेंझीन, आधी दुसऱ्या कॅन्सरसाठी घेतलेली केमो ही काही ठाऊक असलेली कारणं आहेत, पण बहुतेक मुलांच्या बाबतीत बोट दाखवावं असं काही सापडत नाही. हा संसर्गजन्य नाही, आणि बहुतेक वेळा घराण्यातून येणाराही नाही. हे पत्र तुमच्या नवऱ्यालाही वाचायला द्या, आणि सासूबाईंनाही.

प्रश्न : भावाला एपीएल झालाय. डॉक्टर आर्सेनिक देणार म्हणतात. आर्सेनिक तर विष आहे ना?

विष आहेच, आणि या आजारावर ते औषध आहे, दोन्ही खरं. एपीएल हा एएमएलचाच एक प्रकार, पण पहिल्या काही दिवसांत तोच सगळ्यात धोक्याचा असतो कारण रक्तस्राव होतो, मेंदूतसुद्धा. इथे 15 आणि 17 नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल होते आणि तयार होणारं प्रोटीन पेशीला मोठंच होऊ देत नाही. 1985 मध्ये शांघायच्या वांग झेनयी यांनी पाच वर्षांच्या एका मुलीला अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक औषध दिलं, एट्रा, आणि तिच्या वाईट पेशी मेल्या नाहीत, तर मोठ्या झाल्या! अडकलेली पायरी चढून गेल्या आणि मग साध्या पांढऱ्या पेशी जशा आपल्या वेळेला संपतात तशा संपल्या. केमो म्हणजे मारणं एवढंच डोक्यात असलेल्या सगळ्यांना हे नवीन होतं. आर्सेनिक ट्रायऑक्साइडचं काम चीनमध्येच हार्बिनला झालं, झांग टिंगडाँग आणि सहकाऱ्यांचं, ते तर त्या बिघडलेल्या प्रोटीनलाच धरून मोडून टाकतं. 2013 मध्ये इटली आणि जर्मनीतल्या डॉक्टरांनी दाखवलं की ज्यांचा धोका फार जास्त नाही त्यांना एट्रा आणि आर्सेनिक एवढंच दिलं, नेहमीची केमो न देता, तरी 10 पैकी 9 हून जास्त लोक बरे होतात.

डोस मोजून, शिरेतून, ईसीजी बघत देतात, कारण हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो. पहिल्या आठवड्यांत धाप लागली, वजन भराभर वाढलं, ताप आला तर लगेच सांगा, पेशी एकदम मोठ्या होताना तसं होतं, त्यावर स्टेरॉइड आहे. आणि बाहेर कुणी आर्सेनिक असलेली पुडी देत असेल तर हात लावू नका, ते हे औषध नव्हे.

प्रश्न : आजी 76 वर्षांची, एएमएल. डॉक्टर म्हणाले मोठी केमो नको, इंजेक्शन आणि व्हेनेटोक्लॅक्सच्या गोळ्या देऊ. म्हणजे त्यांनी आशा सोडलीये का?

आशा सोडली असती तर व्हेनेटोक्लॅक्स दिलं नसतं. प्रत्येक पेशीत आपण बिघडलोय हे ओळखून मरून जायची सोय असते, आणि बीसीएल-2 नावाचं प्रोटीन ते मरण अडवून धरतं. हा जीन 1984-85 मध्ये लिम्फोमात, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरमध्ये, सापडला. तेव्हा सगळ्यांना वाटायचं कॅन्सरचा जीन म्हणजे पेशी भराभर वाढवणारा जीन, पण 1988 मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉ यांनी दाखवलं की हा वाढवत नाही, हा मरू देत नाही. म्हणजे गर्दी दोन प्रकारे होते, जास्त लोक आत येऊन किंवा कुणी बाहेरच न जाऊन. तिथून ते प्रोटीन अडवणारी गोळी मंजूर व्हायला 2016 उजाडलं, जवळजवळ तीस वर्षं, कारण ते अडवताना प्लेटलेट मरू नयेत असा रेणू बनवणं फार अवघड गेलं.

आजीच्या वयाच्या लोकांची चाचणी 2020 मध्ये छापली. नुसत्या अझासिटिडिन इंजेक्शनवर निम्मे लोक 9.6 महिन्यांपेक्षा जास्त जगले, गोळी जोडल्यावर हेच 14.7 महिने झालं. मी आकडा लपवत नाही, हा बहुतेकांचा पूर्ण बरा होण्याचा मार्ग नाही, पण काही जण या आकड्याच्या खूप पुढे जातात आणि बराच काळ घरी राहतात, रोज ॲडमिट नाही. गोळीचा डोस हळूहळू वाढवतात, कारण एकदम खूप पेशी मेल्या तर त्यांच्यातलं पोटॅशियम, युरिक ॲसिड रक्तात येऊन किडनीवर ताण येतो. आजीला बुरशीसाठी गोळी चालू असेल तर ती आवर्जून दाखवा, पोसाकोनाझोलसारख्या औषधांनी व्हेनेटोक्लॅक्स रक्तात फार वाढतं, डोस कमी करावा लागतो. आणि आजीलाही विचारा तिला काय हवंय, पत्रात तुमच्या सगळ्यांचं मत आहे, तिचंच नाहीये.

प्रश्न : कार-टी थेरपी एवढी चांगली आहे तर सगळ्याच ब्लड कॅन्सरला का देत नाहीत?

कारण ती पत्ता बघून मारते आणि सगळ्या कॅन्सरना सोयीचा पत्ता नाही. पेशंटच्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, लॅबमध्ये त्यांच्यात नवीन जीन घालून ओळखणारा हात बसवायचा, वाढवायच्या आणि परत सोडायच्या. बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) ल्युकेमियात सीडी19 नावाचं प्रोटीन हा पत्ता आहे. तो चांगल्या बी पेशींवरही असतो, त्याही मरतात, पण बी पेशींशिवाय माणूस इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार अँटिबॉडी, घेऊन जगू शकतो. एएमएलच्या पेशींवर जे पत्ते आहेत ते रक्ताच्या चांगल्या मूळ पेशींवरही सापडतात, त्या मेल्या तर रक्तच बनणार नाही. 2012 मध्ये पहिल्यांदा एका लहान मुलीला ही थेरपी दिली तेव्हा तिला भयंकर ताप येऊन ती जाता जाता वाचली, सूज आणि ताप वाढवणारं इंटरल्युकिन-6 हे प्रोटीन वाढलेलं दिसलं म्हणून संधिवाताचं टोसिलिझुमॅब दिलं आणि ती सावरली, तेच औषध आज अशा वेळी देतात. 2017 मध्ये अमेरिकेत मंजुरी आली. तरी काही पेशंटमध्ये आजार परत येतो, कधी कधी तर सीडी19 टाकून देऊन. पत्ताच पुसून बसलेली पेशी. उरलेल्या पेशींचे असे प्रकार बघितले की कधी कधी फार राग येतो, खरं सांगते.

प्रश्न : आमचे बाबा दोन वर्षांपूर्वी एएमएलने गेले. पहिल्या वेळी मॅरो काढताना रिसर्चसाठी थोडं सॅम्पल ठेवू का असं विचारलं होतं, त्यांनी सही केली होती. आजार परत आला तेव्हाही दिलं. त्याचं पुढे काय होतं? टाकून देतात का?

टाकून देत नाहीत. काय होतं ते मी जसं रोज करते तसं सांगते.

जांभळ्या झाकणाची छोटी ट्यूब येते, तीनेक मिली, त्यावर नाव नसतं, नंबर असतो. ती आली की जेवण अर्धं टाकून उठावं लागतं कारण पेशी थांबत नाहीत. दुसऱ्या ट्यूबमध्ये एक दाट द्रव घेऊन त्यावर मॅरो अगदी हळू, ट्यूबच्या भिंतीवरून ओघळत सोडायचा, हात हलला की थर मिसळतात. फिरवून काढलं की लाल पेशी तळाशी जातात आणि मध्ये ढगासारखी एक पांढरी कडी तरंगते, ती कडी म्हणजे आम्हाला हव्या त्या पेशी. त्या उचलून धुवून छोट्या कुप्यांमध्ये गोठवतो आणि लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत ठेवतो, उणे 196 अंशांच्या आसपास. तिथे त्या वर्षानुवर्षं राहतात.

तुमच्या बाबांनी दोनदा दिलं, याची किंमत तुम्हाला कशी सांगू. एकाच माणसाच्या दोन कुप्या, आजार निघाला तेव्हाची आणि परत आला तेव्हाची. दोन्हींतल्या पेशींचे जीन शेजारी ठेवून वाचले की कळतं की केमोतून कुठली पेशी निसटली, ती पहिल्या दिवशीच होती का, किती थोडी होती, तिच्यात काय वेगळं होतं. उंदरातून हे नीट कळत नाही. परत आलेल्या आजारात कोणती म्युटेशन वाढतात, कोणती गळून जातात हे जे आज डॉक्टर टेस्ट करून बघतात ते अशाच जोड्यांमधून समजलंय.

कुपी बाहेर काढली की 37 अंशांच्या पाण्यात मिनिटभर धरायची, बर्फाचा शेवटचा खडा उरला की लगेच काढायची, मग त्यात पोषक द्रव एकेक थेंब टाकत जायचं, घाई केली तर पेशी फुटतात, या कामाला मी नवीन मुलांना एकटं बसवत नाही. शेवटी थोडा निळा रंग मिसळून मायक्रोस्कोपखाली मोजायचं. मेलेल्या पेशी निळ्या होतात, जिवंत पेशी रंग आत घेत नाहीत, त्या गोल आणि चमकदार दिसतात. गेल्याच आठवड्यात अशी एक जुनी जोडी उघडली, देणारा माणूस कोण होता मला माहीत नाही आणि कळणारही नाही, आणि दहातल्या आठ पेशी चमकत होत्या.